फाडत नाही, उसवतो

३ मार्च, सोमवार

ही वही शेल्टरवाल्या बाईंनी दिली. वर छापलंय, 'कुत्र्याच्या वागणुकीची रोजची नोंद'. रोज तीन ओळी लिहायच्या म्हणे. काय खाल्लं, किती झोपला, काय मोडलं. तीन ओळींत माझं भागायचं नाही. बाईंना तीन ओळींची वेगळी वही करून देईन, ही माझी.

तर आज कुत्रा आला. रंग मातकट, एक कान उभा, एक पडलेला, आणि नाक अगदी कोटाच्या काळ्या गुंडीसारखं. म्हणून नाव ठेवलं गुंड्या. ताई म्हणाली, "नाव बरोबर आहे. गुंडच दिसतोय." दोन घरांनी त्याला परत पाठवलंय आणि दोन्ही कागदांवर कारण एकच, मोडतोड. तिसऱ्यांदा परत आला तर त्याला पुन्हा कुठल्या घरात देत नाहीत. मागच्या रांगेतल्या पिंजऱ्यात राहायचं, मरेपर्यंत. ती मागची रांग मी बघून आलेय. तिथले कुत्रे माणूस आला तरी उठत नाहीत.

मुदत तीस दिवसांची. एक एप्रिलला बाई फॉर्म घेऊन येणार आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची त्यावर सही लागणार. घरात मोठी माणसं दोन, मी आणि माझी ताई. ती बासष्टची, मी अठ्ठावन्नची, नवऱ्यांच्या भानगडीत दोघीही पडलो नाही. ताई बावीस वर्षं मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली, पण शाळेनं तिला सोडलं, तिनं शाळेला नाही. जेवणाच्या टेबलाशी उभी राहून तिनं जाहीर केलं, "खेळणी त्याची, त्यांचं काय वाट्टेल ते करू दे. पण या घरातली एक वस्तू, एक, मोडली तर माझी सही मिळणार नाही. नंतर रडत यायचं नाही."

मी म्हटलं, "मी कधी रडत आले होते गं तुझ्याकडे?"

ती म्हणाली, "यादी देऊ का?"

५ मार्च, बुधवार

कारखान्यातून नापास झालेलं बदक आणलं. आमचा कारखाना मऊ खेळण्यांचा. अस्वलं, ससे, बदकं. मी तपासणीच्या टेबलावर. खेळण्याचा डोळा चिमट्यात धरायचा आणि ओढायचा, कान ओढायचा, शेपूट ओढायची. निघालं तर अख्खी रास परत, कारण लहान मूल तेच तोंडात घालणार. एकतीस वर्षं हेच करतेय. सगळे खेचकाकू म्हणतात. डोळा सुटताना टप्प असा आवाज येतो. सांगू नये, पण ऐकायला बरं वाटतं.

बदक अकरा मिनिटं टिकलं. घड्याळ लावून बघितलं. आधी पोटातली पिपाणी वाजवली, चूं, चूं, चूं, मग पिपाणी बाहेर, मग कापूस खोलीभर. शेवटी बदकाचं रिकामं कातडं त्यानं उचललं आणि माझ्या चपलेवर आणून ठेवलं. शेपूट अशी हलवत होता की जसं काही पहिला नंबर आलाय.

ताई दारात उभी होती. "संस्कार नाहीत," म्हणाली. मी म्हटलं, कुत्र्याला कसले संस्कार? ती म्हणाली, "नसतातच, तेच म्हणतेय मी."

८ मार्च, शनिवार

ससा नऊ मिनिटं. हत्ती चौदा, पण त्यातली पाच मिनिटं सोंडेत गेली.

गंमत म्हणजे ताईला हे सगळं सहन होत नाही, तरी ती रोज त्याच वेळी समोरच्या खुर्चीत येऊन बसते. पुस्तक उघडं, पान उलटत नाही. आज मधेच विचारलं, "तो आतलं खातो का?"

"नाही. नुसतं काढतो."

"काढून काय करतो?"

"हुंगतो."

त्यावर ती उठून गेली. मला वाटतं, चूक शोधायला बसते. बावीस वर्षांची सवय आहे, एका दिवसात थोडीच जाणार.

तिच्या काचेच्या कपाटाबद्दल लिहून ठेवते, कारण माझा जीव तिथे टांगलेला आहे. बाहेरच्या खोलीत आहे ते. त्यात तिची बक्षिसं, कप आणि खालच्या फळीवर आमची बाहुली. खरं तर माझी बाहुली. मी सहा वर्षांची असताना आत काय आहे ते बघायला मी तिची पाठ कात्रीनं उघडली. लाकडाचा भुसा निघाला. आईनं ती परत भरून शिवली आणि ताईला दिली, ही जपेल म्हणून. त्या दिवसापासून मी घरात 'मोडखोर'. दोन वर्षांनी आई गेली, आणि नाव बदलायला कोणी उरलंच नाही. ताई दर रविवारी बाहुली बाहेर काढून पुसते. मला हात लावू देत नाही. अठ्ठावन्न वर्षांची झाले, तरी नाही.

कपाटाला कडी आहे. कडी बसलीय ना, हे मी दिवसातून चारदा बघते.

१२ मार्च, बुधवार

गुंड्याला इंजेक्शनला नेलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना विचारलंच. हा असं का करतो? राग आहे का कशाचा? डॉक्टर हसले. "राग कसला? मजा येते त्याला. रानात याचे पूर्वज शिकार फाडायचे. ती पिपाणी म्हणजे उंदराचं ओरडणं. ओरडणं थांबलं की काम फत्ते."

मी म्हटलं, "मग काम फत्ते झाल्यावर तो इकडेतिकडे बघत का बसतो? काहीतरी हरवल्यासारखा?"

डॉक्टर म्हणाले, "पुढचा उंदीर शोधत असेल." मला पटलं नाही. डॉक्टरांना इंजेक्शनातलं कळतं, खेळण्यातलं मला कळतं.

म्हणून आज कातडी नीट तपासली, टेबलावर मांडून, कारखान्यात तपासते तशी. आणि माझे डोळेच उघडले! बदक, ससा, हत्ती, दोन अस्वलं. एकाचंही कापड फाटलेलं नाही. सगळी एकाच जागी उघडलेली आहेत.

खेळणं मशिनवर उलटं शिवतात, सुलट करतात, मग त्यात कापूस भरतात. भरायला चार बोटं जागा सोडलेली असते. ती जागा शेवटी हातानं बंद करतात. आम्ही तिला 'शेवटचं तोंड' म्हणतो. अख्ख्या खेळण्यात कमजोर जागा ती एकच. बाहेरच्या माणसाला दाखवूनही दिसत नाही. हा पठ्ठ्या वासानं म्हणा, जिभेनं म्हणा, तिथेच जातो, पुढच्या दातांनी एकेक टाका उचलतो आणि ओढतो. मी चिमट्यानं ओढते तसा!

भरणवालीला, म्हणजे आमच्याकडे कापूस भरते त्या माझ्या मैत्रिणीला, फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, त्याला कामाला लाव. नाहीतरी तुझ्या शेजारची खुर्ची रिकामीच आहे."

ताईला मुद्दाम जाऊन सांगितलं, "ऐक, तो फाडत नाही, उसवतो. फरक आहे. फाटलं की संपलं. उसवलेलं परत शिवता येतं, फक्त शिवणारीला कळतं की ते आधी उघडलं होतं."

ताईचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, "कसं कळतं?"

"जुनी भोकं राहतात. आणि प्रत्येकाचा टाका वेगळा असतो, अक्षरासारखा."

"काहीतरीच," म्हणाली, आणि जाऊन कपाटाची कडी बघून आली. मी त्याच्या बाजूनं बोलले ना, म्हणून झोंबलं असणार.

१६ मार्च, रविवार

बाईंचा फोन. "मोडतोड कशी काय आहे?" मी म्हटलं, उसवतो. त्या म्हणाल्या, "फॉर्मवर तसा रकाना नाही हो. शेवटच्या भेटीत घरात कापूस दिसला तर मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

ठीक आहे. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या शिवणी नापास केल्यात. आता माझी शिवण बघा म्हणावं. याला न उघडणारं खेळणं मी शिवून दाखवते. शेवटचं तोंडच ठेवणार नाही, मग बघते कुठून जातो.

१९ मार्च, बुधवार

झालं! जाड ताडपत्रीचं कापड, दुहेरी शिवण, मेणाचा दोरा, भरण आधी आत गच्च दाबून चारी बाजू मशिनवर बंद. दिसायला उशीची धाकटी बहीण. गुंड्यानं चाळीस मिनिटं झटापट केली. एक टाका हलला नाही. मी टाळ्या वाजवल्या.

ताईनंही हातात घेऊन बघितलं. "छान आहे. असंच पाहिजे. उघडताच येऊ नये," म्हणाली. तिच्या तोंडून 'छान' मी दोन वर्षांपूर्वी ऐकलं होतं. तेसुद्धा दुसऱ्या कोणाबद्दल.

२२ मार्च, शनिवार

लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते. तीन दिवस झाले, ते ताडपत्रीचं धूड जसंच्या तसं आहे आणि गुंड्या त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. खातो, फिरून येतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. संध्याकाळी माझ्याकडे येतो, माझी पिशवी हुंगतो, आत काही नाही म्हटल्यावर परत भिंतीशी जातो. मागच्या रांगेतले कुत्रे असेच पडले होते.

मी जिंकले आणि माझंच तोंड कडू झालं. ताईला म्हटलं, उद्या एक नापास अस्वल देते त्याला. तर म्हणाली, "आता कुठे शहाणा झालाय. दहा दिवस राहिलेत, कशाला उगीच?" मी अस्वल आणायचं रद्द केलं. सहीला भ्यायले, सरळ लिहिते.

२३ मार्च, रविवार

व्हायचं ते झालं.

ताईनं पुसायला बाहुली बाहेर काढून खुर्चीवर ठेवली होती आणि फडक्याला पाणी लावायला ती आत गेली. मी मोरीत होते. आवाज काही नाही. बाहेर येऊन बघते तर गुंड्या दोन्ही पंजांत बाहुली धरून बसलाय, पालथी, आणि पुढच्या दातांनी अगदी हळू पाठीचे टाके ओढतोय. शेपूट हलतेय. चार दिवसांनी पहिल्यांदा.

मी ओरडायच्या आधी ताई ओरडली. असा आवाज मी तिच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तोपर्यंत आतलं बाहेर आलं होतं. भुसा नव्हता. कापड होतं, काहीतरी निळं. गुंड्यानं ते तोंडात धरलं, चावलं नाही काही नाही, आणि ताईच्या चपलेवर नेऊन ठेवलं. माझ्या चपलेवर नाही. तिच्या.

मला वाटलं मारेल त्याला. तिनं मारलं नाही. खाली बसून सगळं पदरात नव्हे, चक्क झग्याच्या ओच्यात गोळा केलं, मला हातभार लावू दिला नाही, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दारामागून म्हणाली, "सही नाही. विषय संपला."

मी दारावर थाप मारली. "चूक माझी आहे! मी त्याचं खेळणं बंद केलं, म्हणून तो तिकडे गेला! त्याला कशाला शिक्षा?"

"तू असंच म्हणणार. तू त्याचीच."

हो, मी त्याचीच. तसं दाराला सांगितलं आणि आले.

केर काढताना खुर्चीखाली बाहुलीच्या पाठीचा एक तुकडा सापडला. जुनं कापड, शिवणीच्या कडेनं कुजून सुटलेलं. त्यावर अजून बोटभर टाके आहेत. खिशात ठेवलाय.

२४ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत तो तुकडा तपासणीच्या दिव्याखाली धरला, भिंग लावून. अशीच, सवय म्हणून. आणि हातातला डबा तसाच राहिला.

त्या तुकड्यावर तीन हात आहेत. एक मशिनचा, मूळ कारखान्याचा. त्यावर माझ्या कात्रीची वेडीवाकडी रेघ आणि ती बंद केलेले बारीक, सारखे, उजवीकडे झुकलेले टाके. तो आईचा हात. माझ्याजवळ तिनं शिवलेला एक उशीचा अभ्रा आहे, हुबेहूब तेच टाके. आणि आईच्या अर्ध्या टाक्यांच्या जागी नुसती भोकं राहिलीत आणि त्याच भोकांच्या आजूबाजूला तिसरे टाके आहेत. जाडजूड, गाठ बाहेर, आणि डावीकडे झुकलेले.

भरणवालीला दाखवलं. तिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "हे कुणा डावखुऱ्या माणसाचं आहे. आणि त्याला शिवता येत नाही."

आमच्या घरात डावखुरं माणूस एकच. शाळेत पट्ट्या मारमारून ताईला उजव्या हातानं लिहायला लावलं. नंतर हजारो प्रगतिपुस्तकांवर तिनं उजव्या हातानं सह्या केल्या, छापल्यासारख्या. पण सुई मात्र ती आजही डाव्याच हातात धरते.

पन्नास वर्षं मी मोडखोर! पन्नास वर्षं! आणि ही?

२५ मार्च, मंगळवार

सकाळी चहाच्या कपाशेजारी तुकडा ठेवला.

"हा टाका कोणाचा?"

"मला काय शिवणातलं कळतं?"

"कळत नाही ते दिसतंच आहे. गाठ बाहेर ठेवलीयस."

ताईनं कप बाजूला सारला. मी ठरवलं होतं, आज मागे हटायचं नाही. गुंड्या टेबलाखाली, दोघींच्या मधे.

मग ती उठली, खोलीतून एक निळं कापड घेऊन आली आणि टेबलावर पसरलं. पांढरे ठिपके. गाऊनची एक अख्खी बाही आणि थोडा खालचा घेर.

मी ओळखलं. त्या बाहीला मी नाक पुसायचे. आई ओरडायची आणि परत तीच बाही पुढे करायची.

ताई म्हणाली, "भुसा सगळा सांडला होता तुझ्यामुळे. घरात भरायला काही नव्हतं, म्हणून आईनं स्वतःचा गाऊन कापला. मी समोर होते, तुला मोरीत कोंडलं होतं तेव्हा. मग ती गेली. तिचे सगळे कपडे मावशीनं आठ दिवसांत देऊन टाकले. कुणी विचारलंसुद्धा नाही आपल्याला. मी बारा वर्षांची होते. मला एकदम आठवलं की गाऊन आहे. बाहुलीत आहे."

"आणि उघडलीस."

"उघडली. तुझ्याच कात्रीनं. वास होता अजून. पुरता होता." बाहीची सुरकुती सरळ करत ती बोलत राहिली. "मग भीती वाटली, उघडी ठेवली तर उडून जाईल. शिवून टाकली. परत कधी उघडली नाही. वास गेला असेल तर? म्हणून नाही उघडली. पन्नास वर्षं रविवारी हातात घेते आणि वाटतं, बघावं. आणि ते जनावर रोज समोर बसून मजेत उघडतंय एकेक. काय वाटत असेल मला?"

इथे मी रडायला हवं होतं. मला राग आला. खरं तेच लिहिते.

"एकटीनं ठेवलास?" मी म्हटलं. "आईचा गाऊन पन्नास वर्षं एकटीनं ठेवलास? माझी कोण होती ती, शेजारीण? मला मोडखोर म्हणून सगळ्या नातेवाइकांत मिरवलंस, आणि स्वतः? मला एकदा तरी सांगायचंस, ये, दोघी मिळून उघडू!"

"तू फाडलं असतंस."

"मी फाडत नाही! मी उसवते! त्या दिवशीही शिवणीवरच कात्री लावली होती, बघ तो तुकडा! सहा वर्षांची होते तरी!"

हे मलाही बोलताना पहिल्यांदा कळलं. ताईनं तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला, चष्मा लावून परत बघितला.

"वास गेलाय," ती म्हणाली. "परवाच बघितलं. नुसता जुन्या कापडाचा येतोय."

मी बाही ओढून घेतली आणि कामावर निघून गेले. दिवसभर ती माझ्या मांडीवर होती. खरंच काही वास येत नाही. तरी सोडवेना.

२६ मार्च, बुधवार

अबोला. गुंड्या एकदा तिच्या खोलीच्या दाराशी, एकदा माझ्या.

संध्याकाळी मी त्याला सरळ नापास अस्वल दिलं. ताईच्या नाकावर टिच्चून, बाहेरच्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून. सही मिळणारच नसेल तर राहिलेले पाच दिवस तरी त्यानं मजेत काढावेत. बारा मिनिटांत अस्वल उघडलं. रिकामं कातडं घेऊन तो ताईच्या दाराशी गेला आणि उभा राहिला. दार उघडलं. हात बाहेर आला. कातडं आत गेलं.

२९ मार्च, शनिवार

सकाळी ताई माझ्या मशिनशी येऊन उभी राहिली. हातात ते अस्वलाचं कातडं, बाहुली आणि सुई. डाव्या हातात.

"शेवटचं तोंड कसं बंद करतात?"

"कशाला?"

"शिकायचंय. बासष्टाव्या वर्षी नापास करणार आहेस का?"

मी खुर्ची सरकवली. अस्वलावर शिकवलं. हात जड आहे तिचा, पण ऐकते. मग बाहुली घेतली. मी बाही आणून दिली, घेर तिच्याजवळ होता. दोन्ही परत आत घातलं. मी मेणाचा दोरा पुढे केला तर तिनं माझा हात धरला.

"पक्का घालू नकोस," म्हणाली. "कच्चा टाका घाल. परत उघडायला लागेल. तुला बघायचं झालं तर तू, मला बघायचं झालं तर मी."

कच्चा टाका म्हणजे मोठा, सैल धावदोरा. एक टोक ओढलं की अख्खा निघतो. अर्धा तिनं घातला, अर्धा मी. मधे जिथे आम्ही भेटलो तिथे दोरा गुंतला, तो तसाच ठेवला.

त्यावरून मला सुचलं, आणि मूर्ख मी की आधी सुचलं नाही. गुंड्याच्या सगळ्या कातड्यांत आज परत चिंध्या भरल्या आणि शेवटचं तोंड कच्च्या टाक्यानं बंद केलं. त्यानं उसवायचं, आम्ही शिवायचं. ताडपत्रीचं धूड दाराला अडसर म्हणून ठेवलं, त्याचा तेवढाच उपयोग.

डॉक्टर काहीही म्हणोत, माझं मत विचाराल तर त्याला मारायचं नसतं काही. बंद असलेली गोष्ट त्याला बघवत नाही. उघडली की त्याला बरं वाटतं, आणि जे सापडेल ते आपल्या माणसाकडे नेऊन ठेवतो. आणखी काय करायला हवंय कोणी?

सहीचं मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. मी विनवण्या करणार नाही.

१ एप्रिल, मंगळवार

बाई बरोबर अकराला आल्या. मी खोली आवरली नव्हती. मुद्दाम. बदक अर्धं उघडलेलं, चिंध्या कोचाखाली, कोचावर, आणि एक बाईंच्या खुर्चीवर.

"अहो, हे काय?" त्या म्हणाल्या. एवढ्यात गुंड्यानं बदकाचं काम संपवलं, कातडं उचललं आणि ऐटीत बाईंच्या बुटावर नेऊन ठेवलं. बाईंनी फॉर्म काढला. "मोडतोड करतो का, या रकान्यात मला 'हो' लिहावं लागेल. आणि घरातल्यांची हरकत असेल तर..."

"फॉर्म इकडे द्या," ताई म्हणाली.

हा तिचा शाळेतला आवाज. बाईंनी मुकाट्यानं दिला. ताईनं लाल पेन काढलं. 'मोडतोड करतो' या छापील अक्षरांवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, उजव्या हातानं, छापल्यासारखं, 'उसवतो'.

"शब्द चुकीचा होता. दुरुस्त केलाय," म्हणाली. "हरकत कोणाचीही नाही. गुंड्याला ही खोड असेल तर ती आम्हा दोघींनाही आहे, तसंही लिहायचं असेल तर लिहा."

गुंड्या! महिनाभर 'ते जनावर' होतं.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी कोचावरच्या चिंध्यांकडे. मी सही केली. मग ताईनं पेन घेतलं, कागदावर टेकवलं, थांबली, आणि पेन डाव्या हातात घेतलं. पन्नास-पंचावन्न वर्षांनी घेतलं असेल. जीभ ओठात धरून, पहिलीतल्या पोरीसारखी, एकेक अक्षर काढत तिनं सही केली. ओळ सोडून वर गेली, शेवटचं अक्षर रकान्याच्या बाहेर पडलं.

बाईंनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. "सही जरा वाकडी आलीय हो."

"येऊ दे," ताई म्हणाली. "माझीच आहे."